खिशातले पिस्तूल आणि पुंगळीची साक्ष

पुण्याहून नाशिककडे निघाले की साधारण चाळीस किलोमीटरवर राजगुरुनगर लागते. त्याचे जुने नाव खेड. पुढे मंचर, म्हणजे आंबेगाव तालुका; त्यापुढे नारायणगाव, म्हणजे जुन्नर तालुका; आणि मग संगमनेर, सिन्नर करीत रस्ता नाशिकला पोचतो. स्वातंत्र्यलढ्यातली तीन माणसे या एका रस्त्यावर भेटतात. खेडला शिवराम हरी राजगुरू जन्मले. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे बाबू गेनू. आणि रस्त्याच्या शेवटी, नाशिकमध्ये, अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या.

इतिहासाच्या पुस्तकात या माणसांची नावे असतात, तारखा असतात. हत्याराबद्दल मात्र ‘पिस्तुलातून गोळ्या झाडल्या’ एवढेच वाक्य येते. ते पिस्तूल कसे चालत होते, ते खिशात मावण्याइतके लहान कधी झाले, आणि लहान झाल्याने नेमके काय बदलले, हे प्रश्न इतिहासाच्या तासाला कोणी विचारत नाही. आणि विज्ञानाच्या तासाला तर पिस्तुलाचा विषयच निघत नाही. न्यूटनचा तिसरा नियम शिकवताना ‘बंदूक मागे येते’ एवढे उदाहरण देऊन आपण पुढे जातो. दोन्ही तासांचा हा विषय एकत्र पाहिला, तर त्यातून बरेच काही हाती लागते.

उघड्यावर दिसणारे हत्यार

प्रथम हे पिस्तूल येण्यापूर्वीची परिस्थिती पाहू. १८७३ च्या सुमारास आंबेगावच्या डोंगराळ भागातील जांभोरी गावचे होनाजी केंगले यांनी सावकारांविरुद्ध बंड उभारले. पुणे, नगर, नाशिक आणि ठाणे या जिल्ह्यांच्या सीमेवरचा डोंगराळ मुलूख त्यांच्या टोळीने हलवून सोडला. १८७६ मध्ये होनाजी पकडले गेले. त्या काळात डोंगरातल्या माणसाकडे असे ती तलवार, भाला, फार तर तोड्याची किंवा ठासणीची बंदूक. तोड्याची बंदूक माणसाच्या छातीपर्यंत पोचेल एवढी लांब. ती खांद्यावरून नेली की अर्ध्या कोसावरून दिसे. एक बार काढला की पुन्हा दारू ठासून गोळी भरायला वेळ लागे, आणि पांढऱ्या धुराचा लोट बार कुठून निघाला ते सांगून टाकी.

दोनच वर्षांनी, १८७८ मध्ये, लॉर्ड लिटनच्या सरकारने शस्त्र कायदा केला. परवान्यावाचून हत्यार बाळगणे गुन्हा ठरले. युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. हा भेदभाव भारतीयांना फार झोंबला. १८८७ च्या काँग्रेसच्या मद्रास अधिवेशनात या कायद्याविरुद्ध ठरावही झाला. राजकारण बाजूला ठेवून पाहिले तर या कायद्यामागे एक गृहीतक होते: हत्यार दिसते. गावच्या पाटलाला, पोलिसाला, जकातीच्या नाक्यावरच्या शिपायाला ते डोळ्यांनी दिसते, म्हणून ते काढून घेता येते. पुढच्या पंचवीस वर्षांत या गृहीतकालाच तडा गेला.

सहा इंचांत काय काय मावले

खिशात मावणारे पिस्तूल ही कल्पना जुनीच. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजरने बनवलेली आखूड पिस्तुले प्रसिद्ध होती. १४ एप्रिल १८६५ रोजी अब्राहम लिंकनवर झाडलेली गोळी अशाच एका पिस्तुलातली होती. पण त्यात एकदा भरले की एकच बार. सॅम्युअल कोल्टने १८३६ साली पेटंट घेतलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये पाच-सहा बार मिळाले. मात्र गोळ्यांचे फिरते नळकांडे जाड असल्यामुळे ते खिशात फुगून दिसे.

हे चित्र बदलायला दोन गोष्टी कारणीभूत झाल्या. पहिली म्हणजे बिनधुराची दारू. फ्रेंच रसायनज्ञ पॉल व्हिएय याने १८८४ मध्ये ती तयार केली. जुन्या काळ्या दारूच्या ज्वलनातून जवळजवळ निम्मे वस्तुमान घन स्वरूपात उरते. ही काजळी बारीक यंत्रणेत साचून ती अडते. नव्या दारूचा बहुतेक भाग वायू होतो. त्यामुळे गोळी सुटताच स्वतःच पुढचे काडतूस भरणारी यंत्रणा बांधणे शक्य झाले. दुसरी गोष्ट म्हणजे जॉन मोझेस ब्राउनिंग.

ब्राउनिंगचा जन्म १८५५ चा, अमेरिकेतील युटा प्रांतातल्या ऑग्डेन गावी. वडील बंदुका बनवणारे कारागीर, आणि मुलगा त्यांच्याच दुकानात शिकून तयार झालेला. त्याने बेल्जियममधील ‘एफ. एन.’ या कारखान्याशी १८९७ मध्ये करार केला आणि त्यातून १९०० सालचे ब्राउनिंग पिस्तूल बाहेर आले. वजन सुमारे ६२५ ग्रॅम, नळी सुमारे १० सेंटिमीटर, काडतुसे सात, गोळीचा व्यास ७.६५ मिलिमीटर, म्हणजेच ०.३२ इंचाचे माप. काडतुसे मुठीच्या आत एकावर एक रचलेली असत. फिरते नळकांडे गेले आणि पिस्तूल चपटे झाले.

यानंतर सुधारणा होत गेल्या, त्या बहुतेक सगळ्या खिशाच्याच दिशेने. १९०३ साली ब्राउनिंगनेच कोल्ट कंपनीसाठी एक पिस्तूल आखले. त्याचे नावच ‘पॉकेट हॅमरलेस’. हॅमर म्हणजे घोडा, काडतुसाच्या बुडावर आघात करणारा भाग. नाव ‘बिनघोड्याचे’ असले तरी घोडा त्यात असतो. तो वरच्या सरकत्या पोलादी आवरणाखाली झाकलेला असतो. उघडा घोडा कापडात अडकतो, झाकलेला अडकत नाही. मुठीच्या मागच्या बाजूला एक दाबपट्टी बसवली. मूठ नीट आवळून धरल्याखेरीज चाप ओढला तरी बार निघत नाही, त्यामुळे खिशातच बार उडण्याचा धोका कमी झाला. १९०६ मध्ये एफ. एन. कारखान्याने याहून लहान, जाकिटाच्या खिशात मावणारे पिस्तूल काढले. ते ३७० ग्रॅमच्या आतबाहेर. १९१० च्या नमुन्यात मागे आणणारी स्प्रिंग नळीभोवतीच गुंडाळून जागा वाचवली. २८ जून १९१४ रोजी साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजावर झाडलेल्या आणि पहिल्या महायुद्धाचे निमित्त ठरलेल्या गोळ्या याच नमुन्याच्या पिस्तुलातल्या.

साधे गणित

या सर्व लहान पिस्तुलांचे तत्त्व एकच आहे आणि ते नववीच्या विद्यार्थ्याला समजेल इतके सोपे आहे.

दारू पेटली की वायूचा दाब गोळीला पुढे ढकलतो आणि तेवढ्याच बलाने पितळी पुंगळीला मागे ढकलतो. पुंगळीच्या मागे पोलादाचे सरकते आवरण टेकलेले असते. त्याला कुलूप नाही, कडी नाही. फक्त त्याचे स्वतःचे वस्तुमान आणि एक स्प्रिंग. मग ते एकदम उघडून तप्त वायू चालवणाऱ्याच्या तोंडावर का येत नाही?

७.६५ मिलिमीटरची गोळी साधारण ४.६ ग्रॅमची असते. नळीतून सुटताना तिचा वेग सेकंदाला २८० मीटर धरू. सरकत्या भागाचे वस्तुमान, समजा, ३०० ग्रॅम. म्हणजे तो गोळीच्या सुमारे ६५ पट जड. संवेग अक्षय्यतेच्या नियमानुसार त्याचा वेग गोळीच्या पासष्टाव्या भागाइतका, म्हणजे सेकंदाला सुमारे ४.३ मीटर. गोळी नळीतले १० सेंटिमीटर अंतर कापते तेवढ्या वेळात तो भाग जेमतेम दीड मिलिमीटर मागे सरकतो. इतक्यात गोळी बाहेर पडते, दाब उतरतो, आणि मग केवळ जडत्वाने मागे जाणारा तो भाग रिकामी पुंगळी ओढून बाजूला फेकतो. स्प्रिंग त्याला पुन्हा पुढे आणते तेव्हा तो पुढचे काडतूस नळीत सारतो. कुलपाचे काम वस्तुमानाने केले. भाग कमी झाले, म्हणून पिस्तूल लहान झाले. तत्त्वाला एक मर्यादाही आहे: काडतूस जितके जोरदार, तितका सरकता भाग जड हवा. म्हणून ही पद्धत सौम्य काडतुसांपुरतीच सोयीची पडते.

हेच आकडे पुढे नेऊ. गोळीचा संवेग सुमारे १.३ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. वेगवान गोलंदाजाने ताशी १३० किलोमीटर वेगाने टाकलेल्या १६० ग्रॅमच्या चेंडूचा संवेग त्याच्या चौपटीहून जास्त भरतो. सिनेमात गोळी लागलेला माणूस हवेत उडून मागे आपटतो, ते खोटे आहे. पन्नास किलोच्या माणसाला या गोळीने मिळणारा वेग सेकंदाला तीन सेंटिमीटरही नाही. मग ती मारते कशाने? तिची गतिज ऊर्जा सुमारे १८० ज्यूल, चेंडूची सुमारे १०० ज्यूल. फरक दुपटीच्याही आतच. पण चेंडू ती ऊर्जा तळहाताएवढ्या जागेवर देतो. गोळी अर्ध्या चौरस सेंटिमीटरहून लहान जागेवर देते आणि शरीराच्या आत शिरून देते. मारक शक्ती धक्क्यात नसते, ती ऊर्जा किती थोड्या जागेत खर्च होते यात असते. त्यामुळेच एवढेसे हत्यार जीवघेणे ठरू शकते.

१९०९ : लंडन, हार्बिन, नाशिक

ब्राउनिंगची पिस्तुले निघाल्यावर जगभर काय झाले, याची चुणूक लवकरच दिसली. १९०४ मध्ये फिनलंडच्या रशियन गव्हर्नर-जनरलला हेलसिंकीत एका तरुणाने १९०० च्या नमुन्याच्या ब्राउनिंगने मारले. १९०९ हे वर्ष तर विलक्षणच. १ जुलैला लंडनमध्ये मदनलाल धिंग्रा यांनी कर्झन वायलीवर गोळ्या झाडल्या. २६ ऑक्टोबरला मांचुरियातील हार्बिन स्थानकावर आन जुंग-ग्यून या कोरियन देशभक्ताने जपानचे माजी पंतप्रधान इतो हिरोबुमी यांना ब्राउनिंगने ठार केले. आणि २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात किर्लोस्कर नाटक मंडळींचा ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग असताना अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनला गोळ्या घातल्या. फिन, पंजाबी, कोरियन, मराठी: एकमेकांना न ओळखणारी ही माणसे. त्यांच्या रागाची कारणे त्यांच्या त्यांच्या देशातली होती. भरलेल्या सभागृहात किंवा स्थानकाच्या गर्दीत, पहाऱ्यातल्या अधिकाऱ्याच्या हाताभर अंतरावर कोणाला न कळता पोचायचे, ही गोष्ट मात्र चपट्या पिस्तुलामुळे सोपी झाली. तलवार किंवा तोड्याची बंदूक घेऊन नाटकाला जाता येत नाही.

नाशिकचे पिस्तूल आले कसे, तेही पाहण्याजोगे आहे. विनायक दामोदर सावरकर यांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुले पाठवली. ‘इंडिया हाऊस’मध्ये स्वयंपाकी असलेल्या चतुर्भुज अमीन यांनी ती पेटीच्या दुहेरी तळात दडवून मार्च १९०९ मध्ये मुंबईत उतरवली. थोडा हिशोब करू. ७.६५ मिलिमीटरच्या नमुन्याचे वजन धरले तर वीस पिस्तुलांचे साडेबारा किलो होते. प्रवासी पेटीच्या तळाशी हे सहज जाते. वीस तोड्याच्या बंदुका आणायच्या तर बैलगाडी लागली असती. १८७८ च्या कायद्याचा भरवसा नजरेवर होता, आणि ती नजर मुंबईच्या धक्क्यावर चुकली.

पण पुढची गोष्टही तितकीच खरी. जॅक्सनवर चाललेले पिस्तूल याच विसांपैकी होते, असा संबंध खटल्यात जोडला गेला. कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. सावरकरांना डिसेंबर १९१० आणि जानेवारी १९११ मध्ये दोन जन्मठेपा झाल्या; त्यातली दुसरी जॅक्सन प्रकरणातली. पिस्तूल खिशात लपले, पण ते कुठून आले याचा माग लपला नाही. कारखान्यात तयार झालेल्या वस्तूला मागचा-पुढचा इतिहास असतो. गावच्या लोहाराच्या तलवारीला तसा नसे.

क्रमांक १६८८९६

आता खेडकडे येऊ. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरमध्ये सॉन्डर्स या पोलीस अधिकाऱ्यावर पहिली गोळी राजगुरूंनी झाडली आणि त्यापाठोपाठ भगतसिंगांनी. लाला लजपतराय यांच्या मृत्यूला कारणीभूत मानलेला स्कॉट हा अधिकारी त्यांचे खरे लक्ष्य होते. ओळखण्यात चूक होऊन सॉन्डर्स मारला गेला. ८ एप्रिल १९२९ रोजी दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात बाँब टाकल्यावर भगतसिंगांनी स्वतःजवळचे पिस्तूल पोलिसांच्या स्वाधीन केले. ते ०.३२ मापाचे कोल्ट स्वयंचलित पिस्तूल होते, क्रमांक १६८८९६. राजगुरू ३० सप्टेंबर १९२९ रोजी पुण्यात पकडले गेले. विशेष न्यायाधिकरणाने ७ ऑक्टोबर १९३० रोजी भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांना फाशी सुनावली, आणि २३ मार्च १९३१ रोजी ती लाहोरला अमलात आली.

पुढे त्या पिस्तुलाचे काय झाले, ही कथा विज्ञानाच्या शिक्षकाला आवडावी अशी आहे. १९४४ मध्ये ते फिल्लौर येथील पोलीस प्रशिक्षण संस्थेकडे गेले. १९६९ च्या सुमारास तिथून काही जुनी हत्यारे इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्रविद्यालयात गेली आणि त्यांत तेही होते. गंज लागू नये म्हणून त्यावर रंग दिलेला होता. ते कोणाचे, याची कोणालाच आठवण राहिली नव्हती. २०१६ च्या सुमारास रंग काढून क्रमांक वाचला तेव्हा तो लाहोरच्या खटल्यातील नोंदीशी जुळला. २०१७ मध्ये ते पंजाबात हुसैनीवाला येथील संग्रहालयात आणले गेले. माणसांची स्मृती पन्नास वर्षांत पुसली गेली, पण पोलादावर ठोकलेले सहा आकडे टिकले.

क्रमांक कोणी कानसने घासून टाकला तरी काम संपत नाही. आकडा ठोकताना त्याच्या खालच्या पोलादातील स्फटिकांची रचना दबते. वरचा थर गेला तरी दबलेला भाग खाली उरतो, आणि आम्लाची क्रिया तिथे शेजारच्या धातूपेक्षा वेगळ्या गतीने होते. योग्य रसायन लावले की गेलेला आकडा फिकटसा उमटतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळांत ही पद्धत नेहमीची आहे.

पुंगळी बोलते

ब्राउनिंगच्या रचनेचा एक परिणाम बहुधा त्याच्याही मनात नसेल. रिव्हॉल्व्हरमध्ये रिकाम्या पुंगळ्या नळकांड्यातच राहतात. चालवणारा त्या बरोबर घेऊन जातो. स्वयंचलित पिस्तूल प्रत्येक बाराला एक पुंगळी बाहेर फेकते. यंत्र लहान करणाऱ्या युक्तीनेच घटनास्थळी पुरावा टाकायला सुरुवात केली.

पुंगळीवर काय उमटते? पितळ पोलादाहून मऊ असते. बाराच्या क्षणी पुंगळीचे बूड सरकत्या भागाच्या पृष्ठावर जोराने दाबले जाते, आणि त्या पृष्ठावरच्या कानशीच्या बारीक रेघा तिच्यावर छापल्या जातात. आघात करणाऱ्या सुईचा खळगा, ओढणाऱ्या आकड्याचा ओरखडाही उमटतो. गोळीवर नळीतल्या पीळदार खाचांच्या खुणा येतात. १९२५ मध्ये अमेरिकेत फिलिप ग्रॅव्हेल आणि केल्व्हिन गोडार्ड यांनी दोन सूक्ष्मदर्शके एका भिंगनळीत जोडून दोन पुंगळ्या शेजारी शेजारी पाहण्याची सोय केली. एक घटनास्थळची, दुसरी संशयित पिस्तुलातून प्रयोगशाळेत उडवलेली. १९३० मध्ये कलकत्ता पोलिसांनी शस्त्रतज्ज्ञ नेमून छोटी प्रयोगशाळा उघडली. मुंबईत राज्याची न्यायवैद्यक प्रयोगशाळा १९५८ पासून आहे.

याच मार्गाने आपल्याला एका दुःखद ठिकाणी यावे लागते. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत पुण्याच्या नथुराम गोडसेने गांधीजींची हत्या केली, ती १९३४ च्या नमुन्याच्या इटालियन बेरेटा पिस्तुलाने. क्रमांक ६०६८२४. त्याचे ९ मिलिमीटर आखूड काडतूसही मूळचे ब्राउनिंगचेच, आणि यंत्रणाही वर सांगितलेल्याच तत्त्वाची. प्रार्थनेला जाणाऱ्या वृद्धापुढे हात जोडून उभ्या राहिलेल्या माणसाच्या खिशात हे मावते, यातच या हत्याराचे सगळे भय आहे. १९०९ च्या नाशिकमध्ये पहाऱ्यातल्या सत्ताधाऱ्यापर्यंत पोचायला उपयोगी पडलेली सोय इथे कसलाच पहारा नको म्हणणाऱ्या माणसाविरुद्ध वापरली गेली. यंत्राला हा फरक कळत नाही.

साक्षीचीही उलटतपासणी

पुंगळीची साक्ष कितपत पक्की, असा प्रश्न चौकस विद्यार्थी विचारील, आणि त्याने तो विचारावाच. बोटांच्या ठशांप्रमाणे प्रत्येक पिस्तुलाची खूण अगदी वेगळी असते, असे पूर्वी सरसकट सांगितले जाई. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २००९ मध्ये या विषयाचा आढावा घेतला तेव्हा असे दिसले की दोन खुणा ‘जुळतात’ हा निर्णय बराचसा तज्ज्ञाच्या नजरेवर अवलंबून असतो, आणि चुकीचे प्रमाण किती याचा पुरेसा अभ्यास झालेला नाही. त्यानंतर अशा चाचण्या वाढल्या आहेत. अर्थ एवढाच की पुंगळीची साक्ष महत्त्वाची आहे, पण तिलाही इतर पुराव्यांचा आधार हवा. माणसाचा जीव जिथे निकालावर टांगलेला असतो, तिथे ‘नक्की’ आणि ‘बहुधा’ यांतला फरक शिकवणे हे विज्ञानशिक्षणाचेच काम आहे.

गावठी कट्टा हे या साक्षीचे दुसरे टोक. त्याला क्रमांक नसतो, परवाना नसतो, बहुतेकदा नळीत पीळदार खाचाही नसतात. तो कधी चालवणाऱ्याच्याच हातात फुटतो. कारखान्यातले पिस्तूल जेवढे बोलते तेवढा कट्टा बोलत नाही. बोलते ते त्यातले काडतूस, कारण ते बहुधा कारखान्यातलेच असते. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून आहे आणि तिथे तयार होणाऱ्या काडतुसांच्या बुडावर ‘के. एफ.’ ही अक्षरे असतात.

कायदाही याच वाटेने बदलला. १८७८ चा कायदा जाऊन १९५९ चा शस्त्र कायदा आला. युरोपियनांची सूट गेली, परवाना मात्र राहिला. २०१९ च्या दुरुस्तीने परवानाधारकाला ठेवता येणाऱ्या बंदुकांची संख्या सामान्यतः तीनवरून दोनवर आणली आणि बेकायदा हत्यारे बनवण्याची शिक्षा जन्मठेपेपर्यंत वाढवली. ९ मिलिमीटरसारखी लष्करी मापे सामान्य नागरिकाला वर्ज्य असल्यामुळे परवान्यावर मिळणारे पिस्तूल आजही प्रामुख्याने ०.३२ चेच असते. ईशापूरच्या रायफल कारखान्याचे ‘अशनी’ पिस्तूल याच मापाचे. ब्राउनिंगचे हे काडतूस १८९९ चे. सव्वाशे वर्षांपूर्वी खिशासाठी ठरलेले माप आपल्या परवान्याच्या कागदावर असे टिकून आहे.

हत्यार जवळ असले की माणूस सुरक्षित होतो का? १९९३ मध्ये अमेरिकेतील एका प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात केलरमन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. घरात बंदूक असणे आणि त्याच घरात खून होणे यांचा संबंध त्यात आढळला. धोका सुमारे २.७ पट दिसला. या अभ्यासावर वादही झाले. संबंध आढळला म्हणजे कारण सिद्ध झाले असे नाही, हा आक्षेप रास्तच आहे. तरी ‘जवळ असले की बरे’ ही समजूत तपासून पाहिली पाहिजे, इतके तरी त्यातून नक्की ठरते. झाकलेला घोडा, मुठीतली दाबपट्टी, चपटी मूठ या सुधारणांनी पिस्तूल बाळगणे सोपे केले. ते बाळगावे का, या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नाही. आणि क्रमांक, पुंगळी, सूक्ष्मदर्शक यांची साक्ष सुरू होते ती गोळी लागून गेल्यावर. ती न्याय मिळवून देऊ शकते, गेलेला माणूस परत आणू शकत नाही.

एकाच वर्षी जन्मलेले दोघे

शेवटी पुन्हा त्याच रस्त्यावर येऊ. राजगुरू १९०८ चे. बाबू गेनूही १९०८ चेच. एक खेडचा, एक शेजारच्या आंबेगावचा. एक संस्कृत शिकायला काशीला गेला आणि तिथून क्रांतिकारकांत. दुसरा पोटासाठी मुंबईला जाऊन गिरणीत कामाला लागला आणि काँग्रेसचा स्वयंसेवक झाला. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवी भागात परदेशी कापडाची लॉरी अडवण्यासाठी बाबू गेनू तिच्यापुढे गेले आणि तिच्याखाली सापडून मरण पावले. त्यांच्या खिशात काही नव्हते. त्यानंतर साडेतीन महिन्यांच्या आत राजगुरूंना फाशी झाली. दोघेही तेव्हा बाविशीतले.

या दोघांत मोठा कोण, असा प्रश्न वर्गात विचारू नये. पण दुसरा एक विचारता येईल. एकाचे हत्यार दिसू नये यासाठी अर्ध्या जगातले अभियंते पन्नास वर्षे झटत होते. दुसऱ्याच्या मार्गात सगळे दिसलेच पाहिजे, अशीच अट होती: तो रस्त्यात उभा आहे हे लॉरी चालवणाऱ्यालाही दिसले पाहिजे, बघणाऱ्या गर्दीलाही. या दोन पद्धतींचा समाजावर होणारा परिणाम सारखा असेल का? राजगुरुनगरचा राजगुरू वाडा आणि महाळुंगे पडवळ ही दोन्ही ठिकाणे एका दिवसाच्या सहलीत पाहून होतात. सहलीच्या आदल्या दिवशी फळ्यावर संवेगाचे ते गणित मांडावे, आणि परतल्यावर विद्यार्थ्यांना या प्रश्नावर एक पान लिहायला सांगावे. उत्तरे वेगवेगळी येतील, आणि ती तशीच यायला हवीत.